बॉनेट वर करा : कॉइल कंपनीची की बाहेरची?

प्रश्न : नमस्कार काका. मी चिपळूणला शाळेत शिकवते, माहेर कराडचं. माझी २०१४ ची स्विफ्ट आहे, पेट्रोल, ९२ हजार किलोमीटर झालेली. गेल्या महिन्यात कुंभार्ली घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके द्यायला लागली, पिकअप गेला आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. कशीबशी कराडला पोचले. तिथल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी ०३०३ असा कोड आला. तो म्हणाला, ‘तीन नंबरची कॉइल गेली. कंपनीच्या एका कॉइलच्या पैशात बाहेरच्या तीन येतात, बाहेरचीच टाकू.’ सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, चारही बदला आणि आमच्याच घ्या. भाऊ म्हणतो, ऑनलाइन मागवू. शेवटी गाडी माहेरच्या अंगणात ठेवून एसटीने परत आले. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, गाडी उभी ठेवलीत हे फार बरं केलंत. इंजिनाचा दिवा नुसता पेटणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरकडे निघालेलं असतं. वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा आहे, ते पेट्रोल तिथे जाऊन जळतं, आणि आतली जाळी तापून वितळते. त्या डब्याची किंमत ऐकलीत तर प्लगला ठिणगी देणाऱ्या एका कॉइलच्या किमतीवरून तीन जण भांडतायत याचं हसू येईल. पुढच्या वेळी असा दिवा दिसला तर अॅक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि जागा बघून कडेला घ्या. पिकअप नाही म्हणून पाय आणखी दाबतात लोक. ते नको.

आता त्या कोडाबद्दल. पी ०३०३ म्हणजे ‘तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर’, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. एवढंच. कॉइल गेली असं तो म्हणत नाही. कॉइलच्या सर्किटचा कोड वेगळा असतो, तीन नंबरसाठी पी ०३५३. मिसफायर प्लगमुळे होतो, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमुळे होतो, वायर तुटल्याने होतो, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब गेल्यानेही होतो. तुमच्या मेकॅनिकचा अंदाज बरोबर असेलही, दहा वेळा सांगितलं तर सात-आठ वेळा तो बरोबरच निघेल. पण अंदाजावर पैसे कशाला घालायचे, जेव्हा पंधरा मिनिटांत फुकट कळतं?

त्याला सांगा, इंजिन गार असताना तीन नंबरची कॉइल काढून दोन नंबरवर बसव आणि दोनची तीनवर. तीन नंबरचा प्लग चारमध्ये घाल, चारचा तीनमध्ये. कोड पुसून गाडी एक चक्कर फिरवून आण. आता कोड पी ०३०२ आला तर कॉइल दोषी, पी ०३०४ आला तर प्लग दोषी, आणि पुन्हा पी ०३०३ च आला तर दोघंही निर्दोष, इंजेक्टरकडे वळा. दहा नंबरचा पाना आणि प्लग पाना, एवढंच सामान लागतं. मात्र इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल उपटून बघायची जुनी सवय असेल तर तसं करू देऊ नका. पद्मिनी-अॅम्बॅसिडरच्या काळात आम्ही ते सर्रास करायचो, झटके खायचो आणि हसायचो. आताच्या कॉइलच्या डोक्यात इलेक्ट्रॉनिक्स असतं, अशाने तेच मरतं.

मल्टिमीटर लावून ‘बघा, रीडिंगच येत नाही, मेली’ असं कोणी दाखवलं तरी विश्वास ठेवू नका. इग्नायटर, म्हणजे करंट चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक्स, आतच असलेल्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स (आतल्या जाड तारेचा विरोध) बाहेरून मोजताच येत नाही. चांगल्या कॉइलवरही मीटर तसंच मुकं बसतं.

समजा कॉइलच गेली. मग कोणती? यासाठी ती काय करते ते थोडं सांगतो. बॅटरीचे बारा व्होल्ट घेऊन त्याचे वीस-तीस हजार व्होल्ट करायचे, प्लगच्या टोकाला ठिणगी पाडायची, आणि हे अचूक वेळेला. गाडी तीन हजार आरपीएमवर चालली असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला दीड हजार ठिणग्या पडतात, तासाला नव्वद हजार. तेही इंजिनाच्या डोक्यावर, प्लगच्या विहिरीत बसून, जिथे गरम हवेला बाहेर पडायला वाट नाही. आत जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, आणि सगळ्यात रेझिन ओतून ते घट्ट केलेलं असतं. स्वस्त आणि महाग कॉइलमधला सगळा फरक ह्या तारेत आणि ह्या रेझिनमध्ये. बाहेरून दोन्ही काळ्याच.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २०१६ च्या पावसाळ्यात एका ओळखीच्या गृहस्थांच्या गाडीला मी बाहेरची कॉइल टाकली होती. त्यांनी पैशाची घासाघीस केली आणि मीही ‘चालतंय की’ म्हटलं. गाडी सकाळी झकास चालायची. वीस-पंचवीस किलोमीटर झाले की मिसिंग, म्हणजे झटके. थांबवली, चहा प्यायले, पुन्हा झकास. तीन वेळा गाडी परत आली आणि तिन्ही वेळा माझ्या दारात तिला काही झालेलं नव्हतं, कारण तोवर ती गार व्हायची. चौथ्या वेळी मी स्वतः चालवत खंबाटकीपर्यंत गेलो, तेव्हा चोर सापडला. परत येऊन ती कॉइल बाकावर शिकंज्यात धरली आणि हॅकसॉने उभी चिरली. शेजारी गाडीची जुनी, मूळची मेलेली कॉइल चिरून ठेवली. जुन्याचं रेझिन काचेसारखं एकसंध होतं. नव्याच्या रेझिनमध्ये खसखशीएवढे बुडबुडे, आणि त्यातल्या एका बुडबुड्यापासून निघालेली तपकिरी रेघ थेट लोखंडाच्या गाभ्यापर्यंत. चांगल्या कारखान्यात रेझिन ओतताना आतली हवा पंपाने खेचून घेतात, म्हणून बुडबुडा राहत नाही. राहिला की त्या पोकळीत वीज कुरतडत राहते, तापल्यावर फट वाढते, आणि ठिणगी प्लगला जायच्या ऐवजी आतल्या आतच पडते. ते दोन तुकडे अजून माझ्या काउंटरवर आहेत. गिऱ्हाइकाला बोलण्यापेक्षा तेच दाखवतो.

पण म्हणून ‘बाहेरची म्हणजे वाईट’ असं मी म्हणत नाही. इथेच सगळ्यांचा घोळ होतो. गाडी बनवणारी कंपनी बहुतेक वेळा कॉइल बनवत नाही. ती डेन्सो, बॉश, हिताची, डेल्फी, व्हॅलिओ अशा पार्ट बनवणाऱ्यांकडून घेते. तीच वस्तू गाडीच्या कंपनीच्या खोक्यात घातली की ‘जेन्युइन’, आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात विकली की ‘बाहेरची’. दुसरी बरेचदा स्वस्त पडते आणि मी स्वतः डोळे मिटून घेतो. तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्या कोणी साच्यावरून काढलेली. यात बरे लोकही आहेत, वाईटही. चौथी डुप्लिकेट, म्हणजे खोकं ओरिजिनलचं आणि आत भलतंच. तुमचा मेकॅनिक ‘बाहेरची’ म्हणतो तेव्हा यातली दुसरी, तिसरी की चौथी, हे विचारा. एका कॉइलच्या पैशात तीन येत असतील तर ती दुसऱ्या प्रकारातली नाही, एवढं मी इथे बसून सांगतो.

शोधायचं कसं? तुमची जुनी कॉइल बाहेर काढली की फडक्याने पुसा. कनेक्टरच्या जवळ किंवा डोक्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर कोरलेला असतो. त्या नावाची, त्या नंबराची कॉइल मिळाली तर खोक्यावर कोणाचा शिक्का आहे याने फरक पडत नाही. आकार जुळला, कनेक्टर बसला म्हणून नंबर सोडू नका. गाडीतला कॉम्प्युटर प्रत्येक ठिणगीआधी कॉइलला काही मिलिसेकंद करंट देतो, आणि तो वेळ मूळ कॉइलच्या हिशेबाने ठरवलेला असतो. वेढे वेगळे असतील तर कॉइल एकतर अर्धपोटी राहते किंवा जास्त खाऊन तापते.

डुप्लिकेटबद्दल एक कबुली. मी स्वतः फसलोय, आणि तेही नेहमीच्या दुकानातून. होलोग्राम होता, खोकं चकचकीत होतं. पण आतल्या कॉइलवर एकही अक्षर कोरलेलं नव्हतं, आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर जुनीपेक्षा चांगलीच हलकी भरली. तांबं आणि लोखंड कमी घातलं की वजन लपत नाही. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असलाच पाहिजे, २०११ च्या नियमांत तसं आहे. यातलं काही नसेल तर दुकानदार कितीही ‘साहेब, सेम टू सेम’ म्हणो, उठा. आणि पक्कं बिल. इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नाही ही पाटी सगळीकडे असते. तरी बिल असेल तर बोलायला जागा राहते. ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, फक्त विकणारा कोण ते वाचा. वेबसाइट मोठी असली तरी तिच्यावरचा दुकानदार कोणीही असू शकतो.

कंपनीचं म्हणजे देवाचं, असंही समजू नका. २००३ मध्ये फोक्सवॅगनला अमेरिकेत लाखो गाड्यांच्या कॉइल स्वखर्चाने बदलून द्याव्या लागल्या. त्या कारखान्यातूनच बसवून आलेल्या, शंभर टक्के ओरिजिनल होत्या.

चारही बदला म्हणणाऱ्यांचं काय? काही गाड्यांत कॉइलपर्यंत पोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं, तिथे मजुरी वाचावी म्हणून सगळ्या एकदम बदलणं समजू शकतो. तुमच्या गाडीत वरचा पसारा बाजूला केला की चारही समोर दिसतात. एकच बदला. सहा महिन्यांत दुसरी गेली तर मात्र उरलेल्यांचंही वय झालं असं धरा. घाटातून येणंजाणं आहे आणि बऱ्याचदा एकट्या असता, तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर एक चांगली कॉइल जास्तीची घेऊन डिकीत ठेवली असती. चारही बदलण्याच्या निम्म्या पैशात काम आणि झोप दोन्ही.

आणि नवी बसवण्याआधी जुनी का मेली ते बघायला लावा. हे कोणी बघत नाही. कॉइलच्या खालचं रबरी बूट नाकाजवळ न्या. ऑइलचा वास आला, बोटाला चिकट लागलं, तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग गळतंय आणि ऑइल प्लगच्या विहिरीत उतरतंय. ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं, मग करंट बाजूने पळतो. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळालेला आहे, तो प्लग आणि ते बूट दोन्ही टाकून द्या. रेघ प्लगवर असताना नवी कॉइल घातली तर नवं बूटही जळतं. शिवाय प्लग शेवटचे कधी बदलले? ९२ हजारांत एकदाच बदलले असतील तर चारही नवे घाला. टोक झिजलं की फट वाढते, फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, आणि तो भार रोज कॉइलच्या बोकांडी बसतो.

बसवताना बोल्ट हाताचा सगळा जोर लावून आवळू नये, प्लॅस्टिकचा कान तडकतो. कनेक्टरची खिटी ‘टक’ वाजली पाहिजे. तुमच्या चिपळूणच्या दमट हवेत ती नुसती टेकलेली राहिली तर दोन पावसाळ्यांत पिना हिरव्या पडतात.

प्रश्न : माझी २०१७ ची वॅगन आर आहे, कंपनी फिटेड सीएनजी. नाशिक ते सिन्नर एमआयडीसी रोजचं जाणं-येणं. दोन वर्षांत तीन कॉइल गेल्या. आधी एक बाहेरची टाकली, पुढच्या वेळी कंपनीची टाकली, तरी पुन्हा गेलीच. आता कोणत्या कंपनीची घेऊ?

उत्तर : दादा, कोणत्याच नको. तुमची कॉइल मरत नाही, तिला कोणीतरी मारतंय. पहिला संशय प्लगवर. सीएनजीत ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून तिथे प्लगची फट कमी ठेवतात आणि प्लग लवकर बदलतात. बऱ्याच ठिकाणी पेट्रोलचाच प्लग, पेट्रोलच्याच फटीने ठोकून देतात. पेट्रोलवर गाडी गप्प चालते आणि सीएनजीवर चढावर मिसिंग करते, असं होतं का तुमचं? होत असेल तर मॅन्युअलमध्ये सीएनजीसाठी दिलेला प्लग नंबर आणि फट काढा, ‘फीलर गेजने (फट मोजायच्या पट्टीने) माझ्यासमोर मोज’ म्हणून मेकॅनिकजवळ उभे राहा. ‘अंदाजे बरोबर आहे’ हे उत्तर घेऊ नका.

दुसरा संशय वॉशिंग सेंटरवर. एमआयडीसीची धूळ म्हणून दर पंधरवड्याला इंजिनवर प्रेशरने पाणी मारून घेत असाल तर आजपासून बंद. ते पाणी कॉइलच्या कडेने विहिरीत उतरतं आणि तिथेच उकळत बसतं. कॉइल काढल्यावर प्लगच्या षटकोनावर गंज दिसला तर समजा हेच झालंय.

तिसरं, इंजिनापासून बॉडीला गेलेली अर्थिंगची पट्टी. बॅटरी बदलताना कोणी ती सैल सोडली असेल किंवा तिच्या टोकाला पांढरी बुरशी आली असेल. पाच मिनिटांचं काम आहे, सँडपेपर मारा आणि घट्ट करा.

एक जाता जाता विचारतो, तिन्ही वेळा कॉइल एकाच सिलिंडरची गेली का वेगवेगळ्या? एकाच असेल तर त्याच सिलिंडरची वायर आणि कनेक्टर तपासा. वेगवेगळ्या असतील तर वरचं सगळं.

प्रश्न : काका, मी न्यू जर्सीत एडिसनला असतो, मूळचा साताऱ्याचा. २०१० ची टोयोटा कोरोला, १.८ लिटर. एक कॉइल गेली तर यूट्यूबवर बघून स्वतःच काम केलं. ऑनलाइन चार कॉइलचा सेट एका ओरिजिनलपेक्षा स्वस्त मिळाला, चारही बदलल्या. गाडी सुरू झाली, पण आता दोन नंबरचा मिसफायर आणि पी ०३५२ दोन्ही येतात. कॉइल तर नवीकोरी आहे! पुढच्या महिन्यात गाडीचं सरकारी इन्स्पेक्शन आहे.

उत्तर : साताऱ्याचा माणूस स्वतः पाना धरतोय हे वाचून बरं वाटलं. तुमच्या कोरोलाच्या कॉइलला चार वायरी आहेत, बघा. एक बारा व्होल्ट, एक अर्थ, एक कॉम्प्युटरकडून येणारा ‘ठिणगी टाक’ हा हुकूम. चौथ्या वायरीवरून कॉइल परत कळवते, ‘टाकली’. टोयोटाचा कॉम्प्युटर ह्या पोचपावतीची वाट बघतो. ती आली नाही की ठिणगी पडत असली तरी तो पडली नाही असं धरतो, कोड टाकतो आणि त्या सिलिंडरचं पेट्रोल बंद करतो. स्वस्त कॉइलमध्ये ठिणगीचा भाग बरा निघतो आणि पोचपावतीचा भाग कच्चा, असं होतं. कधी पहिल्या दिवशी, कधी तापल्यावर.

आधी दोन नंबरवरची नवी कॉइल तीनवर नेऊन बघा. कोड पी ०३५३ झाला तर तीच खराब. नाही हलला तर कनेक्टरची चौथी पिन मागे सरकली आहे का बघा, घाईत कनेक्टर ओढताना असं होतं, आणि यूट्यूबवाले ते दाखवत नाहीत. कॉइलच निघाली तर डेन्सोच्या खोक्यातली घ्या. तुमच्या गाडीच्या बहुतेक कॉइल मूळच्या त्यांच्याच असतात, टोयोटाच्या खोक्याचे पैसे द्यायची गरज नाही.

इन्स्पेक्शनचं लक्षात ठेवा : दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास. आणि आदल्या रात्री कोड पुसून गेलात तरी भागत नाही, कारण पुसल्यावर कॉम्प्युटरच्या तपासण्या कोऱ्या होतात आणि त्या पुऱ्या व्हायला काही दिवस शहरात, थोडं हायवेवर गाडी चालवावी लागते. म्हणजे महिना आहे असं समजू नका, दोन आठवडे आहेत.

आणि हो, चार जुन्यांपैकी तीन चांगल्या होत्या. फेकल्या नसतील तर आज संध्याकाळीच त्या परत चढवा, आणि नवी फक्त एक विकत घ्या.